पाण्यातील शिसे आणि थर दिलेला इलेक्ट्रोड : कोणता थर निवडावा, आणि कशासाठी?

चंचुपात्र :

नमस्कार. मी पदव्युत्तर वर्गाला वैश्लेषिक रसायनशास्त्र शिकवते. यंदा दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी पिण्याच्या पाण्यातील शिसे हा विषय घेतला आहे. जुने पितळी नळ, डाग दिलेले सांधे आणि पीव्हीसीच्या पाइपांत स्थिरकारक म्हणून घातली जाणारी शिशाची संयुगे, अशा अनेक वाटांनी शिसे घरातल्या पाण्यात उतरू शकते. पीव्हीसीबाबत केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले असले, तरी भिंतीत आधीच गाडलेले पाइप काही त्यामुळे बदललेले नाहीत. भारतीय मानक १०५०० नुसार शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे.

धातू मोजणारे ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचे यंत्र आमच्याकडे नाही. एक छोटा पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक विभव, म्हणजे विद्युतदाब, लावून प्रवाह मोजणारे उपकरण), ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड आणि प्लॅटिनमची तार एवढीच सामग्री आहे. पाऱ्याच्या थेंबाची जुनी पद्धत आम्हाला आता विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची नाही. त्यामुळे ग्लासी कार्बनवर काही तरी रासायनिक थर देणे, म्हणजेच मॉडिफाइड इलेक्ट्रोड तयार करणे, हाच मार्ग दिसतो. मुलींनी शोधनिबंधांचा ढीग जमवला आहे. त्यांत ग्राफिन आहे, कार्बन नॅनोट्यूब आहेत, सोन्याचे सूक्ष्मकण आहेत, या सगळ्यांची मिश्रणे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक निबंधात थर दिल्यावर प्रवाह कित्येक पटींनी वाढल्याचा आलेख आहे. वाढलेला प्रवाह म्हणजे चांगला इलेक्ट्रोड, असे समजावे का? आणि शिशासाठी यातला कोणता थर निवडावा?

ऋणाग्र :

प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

थराकडे जाण्याआधी उघडा इलेक्ट्रोड का पुरत नाही, हे आकड्यांतच पाहू. लिटरला १० मायक्रोग्रॅम शिसे म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर. तुमच्या ३ मिलिमीटरच्या चकतीचे क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर आहे. सेकंदाला १०० मिलिव्होल्ट या वेगाने साधी सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे विभव पुढे-मागे नेत प्रवाहाचे मापन, केली, तर रँडल्स-सेव्हचिक समीकरणानुसार शिशाच्या पीकची, म्हणजे आलेखातील शिखराची, उंची अडीच नॅनोअँपिअरच्या आसपास येते. त्याच वेळी इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराचा दुहेरी थर चौरस सेंटिमीटरला साधारण २० मायक्रोफॅरड इतक्या धारितेचा धरला, तर तो भारित करण्यातच सुमारे १४० नॅनोअँपिअर खर्ची पडतात. या १४० वर स्वार झालेले अडीच ओळखायचे, हे काम कितीही चांगल्या पोटेन्शिओस्टॅटला जमणार नाही.

म्हणून पहिली गरज आहे ती शिसे पृष्ठभागाशी गोळा करण्याची. स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीत हेच होते. ऋण विभव लावून काही मिनिटे शिसे इलेक्ट्रोडवर जमवायचे आणि मग विभव धन दिशेने नेत ते एका झटक्यात पुन्हा द्रावणात उतरवायचे. यारोस्लाव्ह हेरॉव्स्की यांनी १९२२ मध्ये प्राग येथे पाऱ्याच्या थेंबावर पोलरोग्राफी ही मापनपद्धत सुरू केली, १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि पुढची कित्येक दशके धातूंच्या सूक्ष्म मापनात पाऱ्याला पर्याय नव्हता, कारण धातू पाऱ्यात विरघळून पारदसंमिश्र होतात आणि तितक्याच सहजपणे बाहेरही पडतात. उघड्या कार्बनवर शिसे कुठेतरी बेटांसारखे साचते, आणि ते उतरवताना पीक फाटतात किंवा पसरतात.

पाऱ्याची जागा घेणारा थर २००० साली जोसेफ वँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला, तो बिस्मथचा. बिस्मथ शिसे व कॅडमियमसोबत संमिश्र करतो, त्याचा विषारीपणा पाऱ्याच्या मानाने नगण्य आहे, आणि वेगळा थर बनवण्याची गरजही नसते, कारण नमुन्यातच थोडे बिस्मथ घातले की शिसे आणि बिस्मथ एकाच वेळी कार्बनवर बसतात. तुमच्या कामासाठी मी डोळे झाकून बिस्मथ आणि सोबत कार्बनवर नॅफिऑन या बहुवारिकाचा पातळ थर सुचवेन.

आता तुमचा मूळ प्रश्न, थर नेमके करतो काय. माझ्या मते थराची कामे तीनच. तो हवा तो पदार्थ गोळा करतो, किंवा नको तो पदार्थ बाहेर ठेवतो, किंवा ज्या अभिक्रियेत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण संथ आहे तिथे मध्यस्थी करतो. गोळा करण्याचे सर्वांत सुबोध उदाहरण कार्बन पेस्टचे आहे. राल्फ ॲडम्स यांनी १९५८ मध्ये ग्रॅफाइटची भुकटी तेलकट द्रवात कालवून हा इलेक्ट्रोड तयार केला. त्याच लगद्यात पुढे डायमिथाइलग्लायॉक्झिम मिसळले गेले आणि निकेल मोजले गेले. बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात निकेलचा जो लाल साका आपण सर्वांनी गाळला आहे, तीच अभिक्रिया इथे लगद्याच्या पृष्ठभागावर होते, आणि विभव न लावताही निकेल तिथे येऊन अडकते.

बाहेर ठेवण्याचे उदाहरणही ॲडम्स यांच्याच गटाचे आहे. मेंदूतील डोपामिन मोजताना ॲस्कॉर्बिक आम्ल आडवे येते, कारण दोन्ही जवळजवळ एकाच विभवाला ऑक्सिडीकृत होतात आणि ॲस्कॉर्बिक आम्ल तिथे कितीतरी पटींनी जास्त असते. शरीराच्या पीएचला डोपामिन धनभारित असते, ॲस्कॉर्बेट ऋणभारित. सल्फोनेट गटांमुळे स्वतः ऋणभारित असलेला नॅफिऑन इलेक्ट्रोडवर चढवला की डोपामिन आत शिरते आणि ॲस्कॉर्बेट दारातच अडते. १९८४ मधील हे काम मला आजही या क्षेत्रातील सर्वांत स्वच्छ विचारांपैकी एक वाटते, कारण तिथे प्रवाह वाढवण्याचा सोस नाही. अडचण कोणती आहे ते आधी ओळखले आणि मग थर निवडला.

साखरझोप :

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, पण घरात मधुमेह असल्याने रोज पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतो. ती पट्टी म्हणजे याच जातीचा इलेक्ट्रोड म्हणायचा का?

ऋणाग्र :

अगदी तोच, आणि जगात सर्वांत जास्त वापरला जाणाराही तोच. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेझ हे विकर बसवण्याची कल्पना मांडली. त्यात ऑक्सिजनवर अवलंबून राहावे लागे. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी विकर आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये फेरोसीनचे संयुग मध्यस्थ म्हणून घातले. वर लिहिलेल्या तीन कामांपैकी हे तिसरे. पट्टीवर छापलेल्या कार्बनच्या किंवा धातूच्या पट्ट्यांवर विकर आणि मध्यस्थ आधीच वाळवून ठेवलेले असतात, रक्त पडले की ते विरघळतात आणि काही सेकंदांत प्रवाह मोजला जातो.

निवडक्षमतेचा प्रश्न इथे किती जिवावर बेतू शकतो, तेही सांगतो. काही पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेझऐवजी पीक्यूक्यू या सहघटकावर चालणारे ग्लुकोज डिहायड्रोजनेझ वापरत, आणि ते माल्टोजलाही ग्लुकोज समजते. पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण दिलेल्या रुग्णांच्या रक्तात माल्टोज तयार होते. अशा रुग्णांत पट्टी साखर फुगवून दाखवे, त्यावर इन्शुलिन दिले जाई, आणि प्रत्यक्षात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असे. यातून मृत्यूही ओढवले, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. घरी कोणाचे असे डायलिसिस चालू असेल, तर पट्टी कोणत्या विकराची आहे हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

तिसराबाक :

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय नॅनोट्यूबचा थर दिलेला इलेक्ट्रोड. उघड्या ग्लासी कार्बनवर ऑक्सिडेशन आणि रिडक्शनच्या पीकमधले अंतर १८० मिलिव्होल्ट येत होते, थर दिल्यावर ते ७० वर आले आणि प्रवाहही चौपट झाला. आमच्याकडे याला सर्रास इलेक्ट्रोकॅटॅलिसिस, म्हणजे थराने अभिक्रिया जलद करणे, म्हणतात. ऋणाग्र यांनी प्रवाह वाढवण्याचा सोस असे लिहिले आहे, ते थोडे टोचले. अंतर कमी झाले म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण जलद झाली, हे चूक आहे का?

ऋणाग्र :

टोचावे असा हेतू नव्हता, पण मुद्दा मागे घेत नाही.

पीकमधले अंतर हे इलेक्ट्रॉन-देवाणघेवाणीच्या वेगाचे माप मानण्यामागे एक गृहीतक असते : पदार्थ दुरून, अर्ध-अनंत द्रावणातून, सपाट पृष्ठभागाकडे विसरणाने (डिफ्यूजनने) येतो. नॅनोट्यूबचा थर सपाट नसतो. तो सच्छिद्र असतो आणि त्याच्या छिद्रांत द्रावण आधीच साठलेले असते. त्या साठलेल्या द्रावणातला पदार्थ कुठूनही यावा लागत नाही, त्यामुळे तिथे पातळ थरातील विद्युतरसायन चालते आणि पीक आपोआप जवळ येतात, देवाणघेवाणीचा वेग मुळीच बदललेला नसला तरी. रिचर्ड कॉम्प्टन यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने २००८ मध्ये हे गणित मांडून दाखवले आहे.

तपासण्याची पहिली पायरी सोपी आहे. स्कॅनचा वेग सेकंदाला १० पासून ५०० मिलिव्होल्टपर्यंत बदलावा आणि पीक प्रवाहाचा लॉग विरुद्ध वेगाचा लॉग असा आलेख काढावा. उतार ०.५ च्या जवळ असेल तर पदार्थ विसरणाने येतो आहे, १ च्या जवळ असेल तर तो पृष्ठभागावर चिकटलेला किंवा छिद्रांत अडकलेला आहे. मधले ०.७ वगैरे आले तर दोन्हींची सरमिसळ आहे आणि तेव्हा कॅटॅलिसिस हा शब्द लिहिताना हात आखडता घ्यावा. याशिवाय, प्रवाह चौपट झाला तेव्हा विद्युतसक्रिय क्षेत्रफळ किती पट झाले, हे स्वतंत्रपणे मोजले आहे का?

आणखी एक गोम आहे. नॅनोट्यूब वाढवताना लोहासारखे धातू वापरतात आणि ते पुरते धुऊन निघत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाबतीत ज्या गुणाचे श्रेय नॅनोट्यूबला दिले जात होते तो गुण आत उरलेल्या लोह ऑक्साइडच्या कणांचा होता, हे कॉम्प्टन यांच्याच गटाने २००६ मध्ये दाखवले. ग्राफिनवर तर मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून पाहिली, आणि विष्ठेने ‘सुधारलेले’ ग्राफिन साध्या ग्राफिनपेक्षा सरस ठरले. प्रयोग खरा, आकडे खरे, आणि टोमणाही खरा : ग्राफिनमध्ये काहीही मिसळले तरी काही ना काही सुधारणा दिसतेच, तेव्हा नुसत्या सुधारणेवरून थराची निवड योग्य होती असे ठरत नाही.

तिसराबाक :

लॉगचा आलेख काढला. उतार ०.८३ आला. क्षेत्रफळ आम्ही फेरिसायनाइड या इलेक्ट्रोड तपासण्याच्या नेहमीच्या पदार्थाच्या पीकवरूनच काढले होते, म्हणजे जो प्रवाह समजावून घ्यायचा त्याच्याच जातीच्या प्रवाहावरून. मार्गदर्शकांशी बोलतो.

सहाण :

हात कसा चालवावा याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. निबंधांत ही माहिती दोन ओळींत उरकलेली असते आणि निम्मे अपयश तिथेच असते.

ग्लासी कार्बनला पॉलिश करताना ॲल्युमिनाची भुकटी १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५ या क्रमाने घ्यावी आणि प्रत्येक भुकटीसाठी कापड वेगळे ठेवावे. इलेक्ट्रोड सरळ उभा धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा, नाहीतर चकतीची एक कड झिजते. शेवटी शुद्ध पाण्यात थोडा वेळ अल्ट्रासॉनिक. पृष्ठभाग काळ्या आरशासारखा दिसला आणि १ मिलिमोलर फेरिसायनाइड व ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात पीकमधले अंतर ६० ते ८० मिलिव्होल्टमध्ये आले, तरच पुढे जावे. सैद्धांतिक किमान ५९ आहे.

नॅफिऑन बाजारात ५ टक्के द्रावणाच्या रूपात मिळते. ते इथेनॉलमध्ये पातळ करून ०.५ टक्क्यांच्या आसपास आणावे. चकतीवर ५ मायक्रोलिटरचा थेंब सोडताना पिपेटचे टोक कार्बनला टेकू देऊ नये, आणि थेंब चकतीभोवतीच्या प्लास्टिकवर ओघळला तर पुसून नव्याने सुरुवात करावी. पंख्याखाली घाईने वाळवले की पदार्थ कडेला सरकतो, मध्ये उघडे कार्बन राहते आणि कडेला जाड कडे तयार होते. इलेक्ट्रोड उलटा उभा करून, वर एक छोटे काचपात्र पालथे घालून, सावकाश वाळू द्यावे. चांगला थर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. दुधाळ डाग दिसला तर तो थर टाकून द्यावा.

एक फसगत इथे नेहमी होते. नॅफिऑन चढवल्यावर मुले सवयीने पुन्हा फेरिसायनाइडमध्ये तपासतात, प्रवाह कोसळलेला दिसतो आणि इलेक्ट्रोड बिघडला असे समजून थर पुसून टाकतात. फेरिसायनाइड ऋणभारित आहे, त्याला थराने बाहेर ठेवले म्हणजे थर नीट बसला. या टप्प्यावर तपासायचेच असेल तर रुथेनियम हेक्झाअमाइनसारखा धनभारित पदार्थ घ्यावा.

चंचुपात्र :

सहाण, आमच्या मुलींनी मागच्या आठवड्यात अगदी हेच केले आणि दोन चांगले थर पुसले. आता मापनाची परिस्थिती सांगाल का?

सहाण :

पीएच ४.५ चा ०.१ मोलर ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), त्यात बिस्मथ लिटरला ४०० मायक्रोग्रॅम या हिशेबाने सुरुवात करावी. बिस्मथचे मूळ द्रावण आम्लयुक्त ठेवावे. साध्या पाण्यात पातळ केले तर त्याचे जलअपघटन होऊन गढूळपणा येतो. ढवळत ठेवून उणे १.२ व्होल्टला १२० सेकंद जमवावे, ढवळणे थांबवून १० सेकंद स्वस्थ राहू द्यावे आणि मग स्क्वेअर वेव्हने, म्हणजे विभवाच्या चौकोनी स्पंदांनी, धन दिशेला जावे. कॅडमियम असल्यास उणे ०.८ व्होल्टच्या आसपास, शिसे उणे ०.५५ च्या आसपास आणि सर्वांत शेवटी बिस्मथ स्वतः उतरते. त्यानंतर अधिक ०.३ व्होल्टला अर्धा मिनिट ढवळत ठेवले की पृष्ठभाग पुढच्या मापनाला मोकळा होतो. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढण्याची सहसा गरज पडत नाही, हा बिस्मथचा मोठा फायदा आहे, कारण महाविद्यालयात सिलिंडरचीच रड असते.

मोजपट्टी :

मी गुणवत्ता नियंत्रणात काम करते, त्यामुळे माझे प्रश्न रुक्ष असतील.

पहिला, नमुना. शिसे काचेच्या आणि प्लास्टिकच्या भिंतींना चिकटते, म्हणून नमुना नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेऊन पॉलिइथिलीनच्या, आधी आम्लाने धुतलेल्या बाटलीत ठेवतात. हा आम्लयुक्त नमुना थेट ॲसिटेट बफरमध्ये ओतला तर बफर मोडून पडतो, पीएच ३ च्या खाली जातो, उणे १.२ व्होल्टला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पीक वेडेवाकडे येतात. दोष मात्र थराला दिला जातो. नमुना मिसळल्यानंतर पीएच मोजण्याची शिस्त मुलींना लावा.

दुसरा, पाणी केव्हाचे? नळातून आलेले शिसे हवे असेल तर किमान सहा तास न वापरलेल्या नळाचे पहिले पाणी घ्यावे लागते. सकाळी नळ सोडून दोन बादल्या भरल्यावर घेतलेला नमुना पाइपबद्दल फारसे सांगत नाही.

तिसरा, कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात प्रमाणांवरून प्रवाह आणि शिसे यांचा संबंध ठरवणे. शुद्ध बफरमध्ये काढलेली सरळ रेषा नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याला लावू नये. पाण्यातील ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या वनस्पतींतून आलेली) शिशाला बांधून ठेवतात, साबणाचे अंश पृष्ठभागावर बसतात आणि रेषेचा उतार बदलतो. त्याच पेल्यात ज्ञात शिशाची दोन-तीन वेळा भर घालून उतार त्या नमुन्यातच काढावा. शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारे किमान प्रमाण, प्रमाण विचलनाच्या तिप्पट भागिले उतार अशी काढतात हे सर्वांना पाठ असते, पण स्ट्रिपिंगमध्ये कोऱ्या द्रावणाला अनेकदा पीकच नसते आणि मग विचलन शून्याजवळ दाखवून हवी तेवढी लहान शोधमर्यादा लिहिता येते. त्यापेक्षा १ किंवा २ मायक्रोग्रॅम प्रति लिटरचे द्रावण वारंवार मोजून त्याचे विचलन घ्यावे, आणि तेही एकाच थरावर नव्हे, नव्याने चढवलेल्या निरनिराळ्या थरांवर. एका थरावरची सुसंगती फक्त पोटेन्शिओस्टॅट ठीक असल्याचे सांगते.

ऋणाग्र :

मोजपट्टी यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. ते करून पाहिल्यावर कित्येक निबंधांची दशांशातील शोधमर्यादा टिकणार नाही.

एक भर घालतो, ती तांब्याची. तांबे शिशाबरोबरच इलेक्ट्रोडवर बसते, बिस्मथशी जागेसाठी स्पर्धा करते आणि शिशाचे पीक दाबते. आपल्याकडे पिण्याचे पाणी रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. अशा पाण्यात शिसे मोजायला गेलात तर ते आहे त्यापेक्षा कमी दिसेल, आणि पाणी सुरक्षित असल्याचा खोटा दिलासा मिळेल. शुद्ध बफरमधल्या आलेखावरून हा दोष कधीच कळत नाही. बफरमध्ये शिशाची ठरावीक मात्रा ठेवून तांबे वाढवत न्यावे आणि पीक किती दबते ते आधी पाहून ठेवावे.

चंचुपात्र :

तांब्याचा मुद्दा आमच्या मनातही आला नव्हता, आणि नमुन्यांच्या यादीत तांब्याच्या हंड्यातील पाणी आहे. ते नमुने वगळावेत की उपाय आहे? शिवाय काही नमुने आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर मोजून घेणार आहोत. ते कोणते निवडावेत?

ऋणाग्र :

वगळू नका, प्रकल्पातला सर्वांत रंजक भाग तोच होईल. नमुन्यात थोडे पोटॅशियम फेरोसायनाइड घातले की तांबे अविद्राव्य संयुगात बांधले जाते आणि शिशाचे पीक बरेचसे सावरते. मात्रा आधी ज्ञात तांबे घातलेल्या बफरवर ठरवून घ्यावी, कारण जास्त झाल्यास पार्श्वभूमीचा प्रवाह बिघडतो. फेरोसायनाइड नेहमी बफर मिसळून पीएच ४.५ झाल्यावरच घालावे. नायट्रिक आम्लाने राखलेल्या मूळ बाटलीत ते कदापि टाकू नये, तीव्र आम्लात त्याचे विघटन होऊन विषारी हायड्रोजन सायनाइड सुटण्याचा धोका असतो.

पडताळणीला पाठवायचे नमुने सोपे निवडू नका. तांब्याच्या हंड्याचे, गढूळ विहिरीचे आणि जुन्या इमारतीच्या पहिल्या पाण्याचे पाठवा, आणि प्रत्येकाचा एक भाग लिटरला १० मायक्रोग्रॅम शिसे घालूनही पाठवा. घातलेले शिसे दोन्ही पद्धतींत किती परत मिळते, हे शेजारी शेजारी मांडले की परीक्षकांना थराबद्दल वेगळे काही सांगावे लागणार नाही.

मोजपट्टी :

आणि शिसे घालायचे ते नमुना बाटलीत असतानाच घाला, पेल्यात बफर मिसळल्यावर नव्हे. नाहीतर भिंतीला चिकटून गेलेले शिसे हिशेबात येणार नाही.